आईचा माहेरचा हिस्सा

आई गेल्यानंतर भेटायला आलेल्या बहुतेकांनी ती फार मायाळू होती असे सांगितले, आणि ते खरेच होते. परंतु आमची आई होण्याच्या कितीतरी आधी ती तीन भावांची थोरली बहीण, त्यांची ‘बाय’, झाली होती, आणि लग्नानंतरही ते काम तिने कोणाच्या हवाली केले नाही. तिच्याविषयी लिहायचे म्हणजे दोन घरांविषयी लिहावे लागते: गोव्यात डिचोली तालुक्यातील आमचे घर, आणि मांडवी नदीपलीकडचे सावईवेरे, जिथे तिच्या वडिलांचे कुळागर, म्हणजे नारळी-पोफळीची बाग, होते.

आजी वारली तेव्हा आई अकरा वर्षांची होती आणि सर्वांत धाकटा भाऊ जेमतेम पावले टाकू लागला होता. ते 1955 साल. सावंतवाडीची मावशी येऊन वर्षभर मुलांना सांभाळील असे ठरले होते. पण गोवा तेव्हा पोर्तुगीजांकडे होता; त्याच वर्षीच्या गोवामुक्तीच्या सत्याग्रहानंतर सीमा बंद झाली आणि मावशी पलीकडेच राहिली. घरात दुसरी बाईमाणूस नव्हती, म्हणून चूल आईकडे आली. देवळाच्या अग्रशाळेत, म्हणजे भाविकांच्या उतरण्याच्या जागेत, भरणाऱ्या मराठी शाळेतले तिचे शिक्षण चौथीवर थांबले. मुक्तीनंतर, 1963 पासून, गोव्याचे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर यांच्या सरकारने गावोगावी मराठी प्राथमिक शाळा काढल्या, त्यांपैकी एकीत धाकट्याचे नाव घालायला तीच गेली होती. मास्तरांनी ‘आई कुठे आहे?’ असे विचारल्यावर तिने ‘मीच आलेय’ असे सांगितले, ही गोष्ट मामा अजूनही हसत सांगतात. मला त्यात हसण्यासारखे फारसे कधी वाटले नाही.

लग्न झाल्यावर ती नदीच्या या बाजूला आली. सुर्ल्याहून वळवईला जाणारी फेरीबोट हा तिचा माहेरचा रस्ता. खनिजाने भरलेल्या बार्जी जाईपर्यंत फेरी थांबायची आणि तेवढ्या वेळात ती फेरीवरच्या ओळखीच्या माणसांकडून सावईची सगळी बातमी काढून घ्यायची: नारळ पाडणारा पाडेली येऊन गेला की नाही, सुपारी किती सुकली, थोरल्या भावाचा खोकला कसा आहे. पलीकडे उतरेपर्यंत कोणाला काय बोलायचे हे तिचे ठरलेले असे.

वैशाखात पुरुमेंताची, म्हणजे पावसाळ्यासाठीच्या साठवणीची, तयारी सुरू झाली की आमच्या ओसरीवर प्रत्येक गोष्ट दुप्पट मांडलेली दिसे. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून आणलेल्या मिरच्या, बिया काढलेली चिंच, उन्हात काळी पडत जाणारी भिंडाची (कोकमाची) सोले, खारे बांगडे, सुकी सुंगटे (कोळंबी), फणसाचे पापड. निम्मे आमचे, निम्मे सावईचे. माझी आजी, म्हणजे बाबांची आई, सुरुवातीला यावर कुरकुरत असे. तेव्हा आईने वाद घातला नाही. माहेरचे नारळ, मिरी आणि सुपारी आमच्या घरी किती आली आणि इकडून तिकडे काय गेले याचा हिशेब तिने एका वहीत मांडला आणि तो आजीला वाचून दाखवला. त्यानंतर कुरकुर थांबली. माया आणि हिशेब यांचे वैर असते असे तिला कधीच वाटले नाही. उलट ज्या घरात हिशेब नीट नाही तिथे माया लवकर आंबते, असे काहीसे तिचे मत असावे.

कुळागराचे तिला जे ज्ञान होते ते तिच्या भावांपेक्षा अधिक होते, हे तेही मान्य करतात. पावसाळ्यात सुपारीला कोळेरोग लागला की हिरवी फळे कुजून पोफळीखाली सडा पडतो. त्याआधीच मोरचूद आणि चुन्याचे मिश्रण घोसांवर फवारावे लागते. मृगाच्या आधी पंधरा दिवस ती मामांना आठवण करून देई, आणि ‘हो’ म्हणाले तरी स्वतः जाऊन फवारा झालेला बघून येई. सुपारी फोंड्याला बागायतदार संस्थेत गेली की पावती तिला दाखवायची, हा अलिखित नियम होता.

आमच्या बाबतीत ती फार लाड करणारी आई नव्हती. अभ्यास घ्यायला बसली की पाढे चुकल्यावर जेवण उशिरा मिळे. आजारपणात मात्र तिच्यासारखे माणूस नाही. तिला रात्री जागण्याची सवय फार लहानपणी लागली होती आणि त्याचे कारण धाकटा मामा होता.

त्याला लहानपणीच्या एका तापानंतर फेफरे येऊ लागले. गावातल्या लोकांनी नाना उपाय सांगितले. आईने देवळात प्रसाद लावला, म्हणजे देवाचा कौल मागितला, पाकळी उजवी पडली याचा आनंदही मानला, आणि त्याच आठवड्यात त्याला पणजीला डॉक्टरांकडे नेले. गोळ्या सुरू झाल्या. त्या अचानक बंद केल्या तर झटके अधिक जोराने येतात, हे डॉक्टरांनी एकदाच सांगितले होते. तिने ते जन्मभर लक्षात ठेवले. पुढे ज्यांनी ज्यांनी ‘आता बरा दिसतो, कशाला विष द्यायचे’ असे म्हटले त्यांना तिने दारातूनच परत पाठवले. झटका आला की त्याला कुशीवर वळवायचे, तोंडात काहीही घालायचे नाही, कांदा किंवा चप्पल नाकाशी धरायची नाही, हे तिने आम्हा भाचरांना इतक्या वेळा सांगितले की आम्ही ते झोपेतही म्हणू शकलो असतो.

आजोबा वारल्यानंतर वाटणीचा प्रश्न आला. गोव्यात 1867 च्या पोर्तुगीज नागरी संहितेपासून मुलीलाही मुलाइतकाच वारसा मिळत आला आहे. त्यामुळे बहिणीच्या आणि तिच्या नवऱ्याच्या सहीवाचून भावांचे कागद पुढे सरकत नाहीत. कायदा असा असला तरी रीत वेगळी आहे. बहिणीने नोटरीकडे जाऊन हक्क सोडायचा, भावांनी तिला साडी नेसवायची आणि चवथीचे, दिवाळीचे येणे-जाणे टिकवायचे. चांगल्या बहिणी असेच करतात, असे आमच्याकडे सगळे धरून चालतात.

आईने सही केली नाही. घरावरचा हक्क ती सोडायला तयार होती, कुळागरातला हिस्सा सोडायला नव्हती. त्या हिश्श्याचे उत्पन्न धाकट्याच्या औषधपाण्यासाठी वेगळे राहील, हे तिचे म्हणणे. दोन्ही थोरले मामा दुखावले. आम्ही काय त्याला उपाशी ठेवणार होतो का, असा त्यांचा प्रश्न होता आणि तो अगदीच चुकीचा नव्हता. नातेवाईकांत ती लोभी ठरली. बाबांना कोणीतरी मध्ये घातले तेव्हा ते म्हणाले, ‘ती सांगेल तिथे मी सही करतो. माहेर तिचे आहे.’ माझ्या मते बाबांनी केलेल्या सगळ्या गोष्टींत ही सर्वांत मोठी होती.

त्या वर्षी नरकचतुर्दशीला सावईहून पोहे खायला बोलावणे आले नाही. आई सकाळी कारीट फोडून झाल्यावर रोसातले, ताकातले आणि तिखाचे पोहे डब्यांत भरून फेरीने तिकडे गेली. काय बोलणे झाले ते तिने कधी सांगितले नाही. पुढच्या वर्षी बोलावणे नेहमीसारखे आले. काही काळाने मधल्या मामाच्या मुलाची नोकरी गेली, हात आखडले, तेव्हा धाकट्याच्या गोळ्या एका दिवसानेही चुकल्या नाहीत. त्यानंतर त्या हिश्श्याचा विषय कोणी काढला नाही.

आता तो हिस्सा माझ्या आणि माझ्या बहिणीच्या नावे आला आहे. आम्ही दोघांनी, माझ्या पत्नीने आणि मेहुण्यांनी बसून ठरवले की व्यवस्था तशीच ठेवायची. पैशाची वही बहीण बघते. मागच्या महिन्यात मोरचुदाची पावती उशिरा पाठवली म्हणून तिने मधल्या मामांना फोनवर चांगले फैलावर घेतले, आणि मामांनी मला फोन करून तक्रार केली की ही तर बायपेक्षाही कडक आहे.