वायरमन गायब, टेस्ट रिपोर्ट बाकी

घराचं लाइट फिटिंग एकानं केलं आणि टेस्ट रिपोर्ट, म्हणजे वायरिंग तपासल्याचा सही-शिक्क्याचा कागद, मागायच्या वेळी त्याचा फोनच लागत नाही. तो पुण्याला कामाला गेलेला असतो, नाहीतर पैशांवरून बिनसलेलं असतं. महावितरणकडं नव्या मीटरचा किंवा लोड वाढवायचा अर्ज घेऊन निघालेल्यांची गाडी बऱ्याचदा इथंच अडते.

खरं तर तो सापडला असता तरी काम झालं असतंच असं नाही. वायरमनचा परवाना वेगळा आणि विद्युत ठेकेदाराचा परवाना वेगळा. टेस्ट रिपोर्टवर सही चालते ती परवानाधारक ठेकेदाराची. त्यामुळं जुन्याच्या मागं फिरण्यापेक्षा दुसरा ठेकेदार गाठा आणि त्याच्या परवान्याची मुदत आधी बघून घ्या.

'दुसऱ्याच्या कामावर मी सही करत नाही,' असं तो म्हणाला तर रागावू नका. सही म्हणजे भिंतीत गाडलेल्या, त्यानं कधी न पाहिलेल्या वायरींची जबाबदारी. त्याच्यापुढं काम तीन टप्प्यांत ठेवा: आधी तपासणी आणि दोषांची लेखी यादी, मग दुरुस्ती, मग रिपोर्ट. तिन्हीचे पैसे वेगळे ठरवा. अशा बोलीवर चांगले लोक तयार होतात. घरी पाऊलही न टाकता सही द्यायला निघालेला माणूस मात्र टाळाच.

तो यायच्या आधी घरबसल्या एक काम होतं. एकेक एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप पडणारा बोर्डावरचा स्विच) पाडायची, कुठले पॉइंट बंद झाले ते कागदावर उतरवायचं. बिलावरचा मंजूर भार, गिझर-एसी-मोटरचे वॉट आणि वायरिंगसाठी भिंतीत पाडलेल्या झिरी बुजवण्यापूर्वीचे फोटो असतील तर तेही काढून ठेवा. ठेकेदाराचा अर्धा दिवस वाचतो. मेनचं झाकण मात्र त्यालाच उघडू द्या.

झाकण उघडल्यावर पहिली नजर वायरची जाडी आणि एमसीबी यांच्या जोडीवर. दीड स्क्वेअर एमएमला ६ किंवा १० अँपिअर, अडीचला १६, गिझर-एसीच्या चारला २० किंवा २५. सगळ्यात जास्त सापडणारा दोष म्हणजे अडीचच्या वायरवर ३२ ची एमसीबी. गिझर लावला की पडत होती, म्हणून कुणीतरी मोठी बसवलेली असते. एमसीबी राखते ती वायरला, गिझरला नव्हे; आता वायर भिंतीत तापत राहणार आणि एमसीबी ढिम्म बसणार. लाइटच्या एका सर्किटवर १० पॉइंट किंवा ८०० वॉट ही जुनी मर्यादा आजही उपयोगी आहे.

मग मेगर, म्हणजे वायरवरचं आवरण करंट गळू देतं का ते मोजणारं यंत्र. मेन बंद, फेज-न्यूट्रल एकत्र जोडून अर्थच्या विरुद्ध ५०० व्होल्ट डीसी, एक मिनिट. १ मेगाओहमच्या खाली चालत नाही. नवीन धड वायरिंग त्याच्या कितीतरी पट दाखवतं. त्याआधी एलईडी, डिमर, इन्व्हर्टर, टीव्ही सगळं सोडवायला हवं, नाहीतर रीडिंग खोटं येतं किंवा वस्तू जळते. इथल्या, कोल्हापूर-सांगलीकडच्या पावसात जुन्या भिंती ओल धरतात, पाइपात पाणी साठतं. वैशाखात उत्तम आलेलं रीडिंग आषाढात कोसळू शकतं. सोय असेल तर मेगर पावसाळ्यातच लावून घ्या. २०१९ किंवा २०२१ च्या पुरात बुडालेले सॉकेट आणि एमसीबी 'वाळवून चालू केलेत' असं कुणी सांगितलं तर तेवढे सरळ बदलायचे, कारण आत बसलेला गाळ पुसून निघत नाही. पेठांतल्या जुन्या घरांत ॲल्युमिनियमला तांब्याची वायर नुसती पिळून जोडलेली सापडते. तो जोड गंजतो, तापतो, म्हणून तिथं वायरच नवीन ओढावी लागते.

खरी फसवणूक अर्थिंगमध्ये होते. फेज आणि अर्थमध्ये १०० वॉटचा बल्ब लावून 'बघा, पेटला' म्हणणं ही चाचणी नव्हे. तो बल्ब जेमतेम ०.४ अँपिअर घेतो. अर्थिंग ५० ओहमचं असलं तरी त्यात २० व्होल्टच जातात आणि बल्ब लख्ख दिसतो. मोजायचं ते खुंट्या रोवून, अर्थ टेस्टरनं.

५ ओहमचं छान अर्थिंगही एकटं पुरत नाही. २३० ला ५ नं भागलं की ४६ अँपिअर. १६ च्या सी प्रकारच्या एमसीबीला झटक्यात पडायला ८० ते १६० लागतात, म्हणजे ४६ वर ती तापून पडणार, काही सेकंदांनी किंवा त्याहून उशिरा. तोवर गिझरची बॉडी जिवंत. म्हणून ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लगेच पडणारा स्विच, हवीच. तिचं टेस्ट बटण फक्त यंत्रणा हलते का ते सांगतं. आरसीसीबी टेस्टरवर ती ३० मिलिअँपिअरला ३०० मिलिसेकंदांच्या आत पडली पाहिजे.

जुन्या फिटिंगवर आरसीसीबी बसवली की ती लगेच पडते आणि सगळे तिलाच दोष देतात. बहुतेक वेळा दोष न्यूट्रलचा असतो: दोन सर्किटांचे न्यूट्रल एकमेकांत गुंतलेले, किंवा इन्व्हर्टरच्या पॉइंटांचा न्यूट्रल आरसीसीबीच्या आधीच जोडलेला. गेलेला करंट त्याच वाटेनं परत आला नाही की ती पडणारच. दुसरं कारण जास्त वाईट. अर्थची वायर ओढलीच नाही म्हणून सॉकेटमध्ये न्यूट्रल आणि अर्थच्या पिना तुकड्यानं जोडून टाकलेल्या असतात. पुढं कधी न्यूट्रल तुटला की फ्रीजच्या पत्र्यात करंट. मेन बंद करून आणि न्यूट्रल सोडवून दोन्ही पिनांमध्ये मीटरनं बीप आली, की उघडा तो बोर्ड.

दुरुस्तीनंतर मेगर पुन्हा लावायचा, कारण रिपोर्टवर जातं ते नंतरचं रीडिंग. सही-शिक्क्याखाली परवाना क्रमांक, जोडलेला भार आणि प्रत्यक्ष आकडे आहेत का बघा. 'ओके' एवढंच लिहिलं असेल तर परत द्या. दोषांची यादी आणि सर्किटांचा कागद रिपोर्टच्या झेरॉक्सबरोबर मेनच्या झाकणामागं चिकटवून ठेवा. पुढचा वायरमन कोण असेल कुणास ठाऊक, पण त्याला ते लागणार आहे.