चार दाणे मीठ

पाणी शुद्ध करायच्या मशिनी दुरुस्त करणं हा माझा धंदा. पण त्या दिवशी बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या त्या घरी मशिनीचं काही कामच नव्हतं. काकांकडे स्टीलचा जुना दोन मजली फिल्टर आहे, वर ओतायचं, खाली तोटी. त्याची कँडल, म्हणजे आतली गाळणी, बदलायची, मजुरी धरून एकशे ऐंशी रुपये. अशा कामाला हल्ली कोणी जात नाही. मी जातो, कारण काकू चहा चांगला करतात.

मी मोरीपाशी बसून जुनी कँडल सोडवत होतो, तेवढ्यात तो आला. बावीस-तेविशीचा गुजराती मुलगा, इन केलेला शर्ट, पाठीला सॅक. काकांच्या ठाण्याच्या मुलीने परस्पर डेमो बुक केला होता. नवीन आरओ, फोनला जोडलेला. पाणी कसं आहे ते फोनवर दिसणार.

"पाणी तोंडाला लागतं की फोनला?" काका म्हणाले. पण मुलीने पाठवलेला माणूस, म्हणून खुर्ची दिली.

त्याने आधी टीडीएस मीटर काढला. टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार वगैरे. पेनाएवढं यंत्र, ग्लासात बुडवलं की आकडा येतो. नळाचं पाणी २३६. त्याने सोबत आणलेल्या बाटलीतलं आरओचं पाणी २८. मग ग्लासांवर ते दुसरं यंत्र ठेवलं. दोन ग्लास, प्रत्येकात एक लोखंडाची आणि एक अ‍ॅल्युमिनियमची सळई, वर वायर, वायर प्लगला. बटण दाबलं. मिनिटभरात नळाचं पाणी पिवळं, मग तपकिरी, वर काळपट हिरवा गाळ. बाटलीतलं पाणी होतं तसं स्वच्छ.

"जुओ काका, आ तमारुं पाणी. रोज आ पीओ छो."

काकूंनी पदर तोंडाला लावला. आजवर शेकडो घरांत मी हा पदर असाच तोंडाला गेलेला पाहिला आहे. कारण हेच यंत्र माझ्याही सॅकमध्ये दोन वर्षं होतं. दुरुस्तीत येण्यापूर्वी मी विकत होतो. एका महिन्यात अकरा मशिनी विकल्याचा माझा विक्रम आहे आणि त्यातल्या नऊ तरी या गाळाने विकल्या. त्या वेळी मला खरंच वाटायचं की घाण पाण्यातून निघते. पुढे कळलं, पण कळलं तेव्हा मी विकणं सोडलेलं होतं, मग कोणाला सांगणार?

आताही मी गप्प राहिलो. दुसऱ्याच्या पोटावर पाय कशाला द्या. मान खाली घालून कँडलचा नट फिरवत बसलो.

काका मात्र ग्लासाजवळ वाकले. वय सत्तरीपुढचं, मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, प्लेटिंगच्या कारखान्यात तीस वर्षं काढलेली. नळांच्या तोट्यांवर निकेल चढवायचं काम. त्यांनी गाळाकडे बघितलंच नाही, वायर कुठे जाते ते बघितलं.

"यात डायोड आहे का रे? म्हणजे करंट एकाच दिशेने जातो?"

मुलाला माहीत नव्हतं.

"लोखंड धन टोकाला लावलंय यांनी," काका माझ्याकडे बघत म्हणाले. "आमच्या टाकीत निकेलचे तुकडे असेच लावायचो. टोपल्या भरून. आठवड्याने बघावं तर अर्ध्या रिकाम्या. धन टोकाचा धातू पाण्यात उतरतो. अगं, जरा मीठ आण."

काकूंनी डबा आणला. काकांनी चिमूट बाटलीच्या स्वच्छ पाण्यात टाकली, ढवळली, "आता दाब."

पाणी काही बदललं नाही. मुलगा हसला. त्याने प्लग काढून मीटरही बुडवला: २८.

काका गोंधळले. बोट बुडवून जिभेला लावलं आणि ओरडले, "अगं, ही पिठीसाखर!"

डबे सारखेच. पण यातूनच मजा निघाली. काका मुलाला म्हणाले, "पाणी गोड झालंय, चाखून बघ. आणि तुझं यंत्र म्हणतं यात काही पडलंच नाही?"

त्याचं कारण असं की टीडीएस मीटर पाण्यात काय विरघळलंय ते मोजतच नाही. पाण्यातून वीज किती सहज जाते ते मोजतो आणि त्यावरून क्षारांचा अंदाज बांधतो. साखरेने वीज वाहत नाही, म्हणून साखर त्याला दिसत नाही. जंतूही दिसत नाहीत. गटाराचं थेंबभर पाणी चांगल्या पाण्यात मिसळलं तर आकडा जागचा हलणार नाही, पोट मात्र हलेल. म्हणून टीडीएस कमी म्हणजे पाणी निर्धोक, हेही खोटं आणि जास्त म्हणजे विष, हेही खोटं. भारतीय मानकात लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत चालतं, दुसरी सोय नसेल तर २००० पर्यंत. २०१९ मध्ये हरित लवादानेही म्हटलं होतं की ५०० च्या खाली असेल तिथे आरओ नकोच. वाघोडिया रोडच्या एका सोसायटीत बोअरचं पाणी माझ्या मीटरवर १३४० येतं. तिथे मी स्वतः सांगतो, आरओ घ्या. २३६ ला आरओ लावणं म्हणजे ग्लासभर पाण्यासाठी तीन ग्लास मोरीत सोडणं. आमच्याकडे नळ ठरलेल्या वेळी येतो, हे विसरून.

मग खरं मीठ आलं. चार दाणे. मुलगा म्हणाला, "काका, फ्यूज उडेल." काका म्हणाले, "उडू दे, फ्यूज माझा आहे." (घरी कोणी हे करू नका, त्या सळयांत सरळ घरची वीज असते.) बटण दाबताच मिठामुळे पाण्यातून वीज वाहू लागली, सळईचं लोखंड उतरू लागलं, फेस आला आणि त्याचं ते शुद्ध, कंपनीच्या बाटलीतलं पाणी नळाच्या पाण्यापेक्षाही घाण झालं. दाट, विटकरी.

कोणी काही बोललं नाही. काकूंचा पदर खाली आला.

मला त्या क्षणी एक जुनी गोष्ट आठवली. कंपनी आम्हाला दर दोन-तीन महिन्यांनी नवीन सळया द्यायची, जुन्या बारीक झाल्या म्हणून. मी सही करून घ्यायचो. ते लोखंड जातं कुठे, हे दोन वर्षांत एकदाही माझ्या डोक्यात आलं नाही. रोज लोकांना ग्लासात दाखवत होतो की!

मुलाचा चेहरा उतरला होता. नाटक करत नव्हता तो, त्यालाही असंच शिकवलं असणार. काकांनी त्याला चहा पाजला. मग सुरात येऊन तांब्याच्या हंड्याचं कौतुक सुरू केलं, तांब्यात सगळं मरतं वगैरे. मी म्हटलं, काका, त्याला रात्रभर लागते, तासाभरात काही होत नाही. ते त्यांना आवडलं नाही.

मुलगा निघाला तेव्हा काकांनी सळई पुसून त्याच्या हातात दिली. "झिजली आहे बघ. साहेबाला सांग, बदलून दे."

दार लागल्यावर माझ्याकडे वळले. "तुला ठाऊक होतं."

"हो."

"केव्हापासून?"

मी काही बोललो नाही. फिल्टर जोडून दिला, पहिलं पाणी फेकून द्या म्हटलं. त्यांनी दोनशेची नोट पुढे केली आणि वीस रुपये परत मिळेपर्यंत हात तसाच धरून ठेवला.