शेजार नसलेल्या दीर्घिका

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. प्रश्न नेहमीचाच असतो: एवढ्या देखण्या सर्पिल दीर्घिका सोडून या फिकट, विस्कटलेल्या बटू, म्हणजे अगदी लहान, दीर्घिकांच्या मागे का? आणि त्यातही जवळच्या सोडून लाखो प्रकाशवर्षांवरच्या एकट्यादुकट्या कशाला?

कारण जवळच्यांची साक्ष निखळ नसते. स्कल्प्टर, फोरनॅक्स, ड्रेको या आपल्या आकाशगंगेभोवती फिरणाऱ्या बटू दीर्घिका. अब्जावधी वर्षं त्या तिच्या ओढाताणीत सापडल्या आहेत, त्यांचा वायूही हिरावला गेला आहे. त्यांच्यात काही वावगं दिसलं, तर तो मूळ स्वभाव की शेजाऱ्याचा प्रताप, हे कसं ठरवायचं? याउलट १९०९ मध्ये मॅक्स वोल्फनं शोधलेली डब्ल्यूएलएम ही बटू दीर्घिका बघा. ती सुमारे ३० लाख प्रकाशवर्षांवर आहे आणि मोठ्यांच्या वाऱ्याला फारशी उभी राहिलेली नाही. लिओ ए तशीच.

इतक्या लांबचे सुटे तारे पाहायचे तर केकसारखी १० मीटर आरशाची दुर्बीण लागते. बारीक फटी पाडलेला धातूचा पत्रा वापरून एका वेळी अनेक ताऱ्यांचे वर्णपट, म्हणजे रंगांत उलगडलेला प्रकाश, घेतात. निवडायचे ते लाल राक्षसी तारे, कारण म्हाताऱ्या ताऱ्यांत तेच सर्वांत तेजस्वी. त्यांच्या वर्णपटात, ८५० ते ८६६ नॅनोमीटरच्या पट्ट्यात, कॅल्शियमच्या तीन ठळक रेषा असतात. रेषा किती सरकल्या यावरून वेग कळतो आणि किती गडद आहेत यावरून लोहासारख्या मूलद्रव्यांचा अंदाज येतो. एकाच निरीक्षणात दोन्ही कामं.

आधी वेगांबद्दल. या दीर्घिकांतले तारे बहुधा शिस्तीत प्रदक्षिणा घालत नाहीत. मोहोळ उठल्यावर माश्या घोंघावतात तसे सगळ्या दिशांनी धावतात. त्यांच्या वेगांतली तफावत सेकंदाला १० किलोमीटरच्या आसपास असते. ऐकायला कमी वाटते, पण दिसणाऱ्या ताऱ्यांचं गुरुत्व तेवढ्यालाही आवरू शकत नाही. म्हणजे तिथे भरपूर कृष्णद्रव्य हवं: डोळ्यांना न दिसणारं, फक्त गुरुत्वातून जाणवणारं द्रव्य. ही शंका खगोलशास्त्रज्ञ मार्क आरोनसननी १९८३ मध्ये ड्रेकोतल्या अवघ्या तीन ताऱ्यांवरून मांडली. तीन! आज असा निबंध कुणी छापेल का, कोण जाणे. पण ती खरी ठरली.

थोड्या ताऱ्यांवर विसंबण्याची दुसरी बाजू टुकाना या एकट्या बटू दीर्घिकेच्या बाबतीत दिसली. सुरुवातीच्या मोजमापांत तिथली तफावत सेकंदाला १५ किलोमीटरच्या आसपास निघाली आणि तिच्यात विलक्षण दाट कृष्णद्रव्य असल्याची चर्चा रंगली. २०२० मध्ये जास्त काटेकोर विश्लेषण झालं, तेव्हा आकडा ६ च्या जवळ आला आणि टुकाना चारचौघींसारखी झाली.

आता मुद्द्याचं. संगणकावरची प्रारूपं सांगत होती, की आकाशगंगेभोवती फिरणाऱ्या मोठ्या उपदीर्घिकांच्या गाभ्यात कृष्णद्रव्य आहे त्यापेक्षा दाट हवं. तेव्हा सोपा संशयित होता आकाशगंगा: तिनंच ते ओरबाडलं असणार. पण एकट्या दीर्घिकांतले वेग मोजले, तर तेही तितकेच कमी निघाले, म्हणजे त्यांचाही गाभा विरळच. तिथे ओरबाडायला कुणी नाही. मला पटणारं स्पष्टीकरण असं, की अतिनवताऱ्यांचे, म्हणजे फुटून मरणाऱ्या ताऱ्यांचे, स्फोट वायूला वारंवार बाहेर ढकलतात आणि त्या हिसक्यांनी गाभ्यातलं कृष्णद्रव्यही पसरतं. अगदी कमी ताऱ्यांच्या दीर्घिकांत मात्र एवढी ऊर्जा आणायची कुठून, हा पेच राहतोच.

रसायनाचीही तीच कथा. दीर्घिकेत ताऱ्यांचं वस्तुमान किती, यावर तिच्यातलं सरासरी लोह ठरतं. जास्त वस्तुमान, जास्त लोह. २०१३ मध्ये दिसून आलं, की उपदीर्घिका आणि एकट्या, दोन्ही एकाच रेषेवर बसतात. त्याच वर्षी जाहीर झालेली लिओ पी तर फारच बोलकी आहे. सुमारे ५३ लाख प्रकाशवर्षांवरच्या या दीर्घिकेत ऑक्सिजनचं प्रमाण सूर्याच्या जेमतेम ३ टक्के. तिच्या ताऱ्यांनी घडवलेल्या ऑक्सिजनपैकी सुमारे ९५ टक्के ती गमावून बसली आहे. चोर शोधायला बाहेर जायलाच नको. गुरुत्व तोकडं आणि स्फोट घरचेच.

मग शेजाराचा परिणाम काहीच नाही का? आहे, वायूवर. आकाशगंगेजवळच्या बहुतेक बटू दीर्घिका कोरड्याठाक, तर दूरच्यांत हायड्रोजन शिल्लक. लिओ ए मधले बहुतांश तारे तर गेल्या ८ अब्ज वर्षांतले आहेत. पण टुकाना आणि सेटस या नियमाला जुमानत नाहीत. आज दोघी एकट्या, तरी वायू नाही आणि ताऱ्यांची निर्मिती फार पूर्वीच थंडावलेली. टुकाना आपल्यापासून दूर जाते आहे, म्हणजे कधीकाळी जवळून जाऊन ती कोरडी झाली असेल, असा एक तर्क आहे. तो पारखायचा तर तिची आकाशातली आडवी सरक मोजायला हवी, आणि सुमारे २९ लाख प्रकाशवर्षांवरून ती इतकी सूक्ष्म दिसते की वर्षानुवर्षांच्या अंतरानं घेतलेल्या प्रतिमा ताडून पाहाव्या लागतात.