तुम्ही विचारलंत म्हणून: चूक कोडची की चिपची?

रविवारी पोहे-जलेबीला भेटलो की आमच्या इंदूरच्या मराठी पोरांपैकी कोणीतरी विचारतंच, दादा, पर्फमधे (लिनक्सवर प्रोसेसरचं काम मोजणारं टूल) आकडा विचित्र आला तर आधी शंका कोणावर, कोडवर की प्रोसेसरवर? पोह्यावर शेव टाकता टाकता दर वेळी अर्धवट उत्तर देतो, म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

आधी कोडवरच. पण मला एकदा चिपने पार गंडवलंय. मशीन जुनी, कर्नलही (लिनक्सचा गाभा) जुनं, आणि मला एका ड्रायव्हरमधल्या ब्रांच, म्हणजे कोडमधल्या उड्या, मोजायच्या होत्या. सकाळी एक आकडा, दुपारी दुसराच. दोन दिवस ड्रायव्हर उसवत बसलो. शेवटी वैतागून सहा ओळींचा लूप लिहिला, दहा कोटी वेळा नुसता फिरणारा, तो एका सीपीयूला बांधला आणि मोजलं. फेरीला एक ब्रांच, म्हणजे दहा कोटींच्या थोडंसं वर यायला पाहिजे ना? आले साडेतेरा कोटी! जेवणाच्या सुट्टीत परत चालवला तर दहा कोटी आणि वर किरकोळ. नंतर कळलं की शेजारी बसणारा मित्र त्याच मशीनवर मेमरी लोडचं प्रोफाइलिंग (मेमरीतून किती वेळा वाचलं जातं याची मोजणी) करत होता आणि जेवायला जाताना ते बंद करून गेला होता.

आमच्या लोकमान्य नगरच्या घरी असंच झालेलं, वरच्या भाडेकरूचा गीझर वायरिंगवाल्याने आमच्या मीटरवर जोडून ठेवला आणि आई महिनाभर आमच्याच पंख्यांवर डाफरत होती. हायपरथ्रेडिंगमधे प्रोसेसरच्या एका कोअरवर असेच दोन भाडेकरू, म्हणजे दोन थ्रेड, असतात. काउंटर (चिपमधले मोजणीचे मीटर) दोघांचे वेगळे, पण इंटेलच्या सँडी ब्रिज, आयव्ही ब्रिज आणि हॅस्वेल या चिपपिढ्यांमधे काही ठराविक मेमरी इव्हेंट (मोजायच्या घटना) लावले की ती मोजणी शेजारच्या थ्रेडच्या त्याच नंबरच्या काउंटरमधे गळते. हे काही गुपित नाही, इंटेलनेच काढलेल्या चिपच्या चुकांच्या यादीत छापलेलंय, हॅस्वेलसाठी नंबर एचएसडी २९. ती यादी कोणी उघडत नाही, मीही उघडली नव्हती.

२०१५ च्या ४.१ कर्नलपासून लिनक्स स्वतःच सांभाळतं: एकीकडे असा इव्हेंट लागला की दुसरीकडचा तो काउंटर रिकामा ठेवतं, आणि बूट होताना डीमेसेजमधे (कर्नलच्या संदेशांची नोंद) तसं सांगतंही. पण मग काउंटर कमी पडतात, पर्फ इव्हेंट आळीपाळीने मोजतं आणि उरलेल्या वेळाचा अंदाज लावून आकडा फुगवतं. ओळीच्या शेवटी कंसात टक्केवारी दिसली की समजा हा अंदाज आहे.

जुन्या कर्नलवर अडकलात तर जोडीदार थ्रेड ऑफलाइन करा. मोजणी सुधारते, पण भिया, मग कोअरचं सगळं कॅश एकट्यालाच मिळतं, त्यामुळे स्पीडचे आकडे त्या सेटिंगवरचे कोणाला दाखवू नका, फक्त मोजणीचे दाखवा.

हॅस्वेलनंतरच्या ब्रॉडवेलची गंमत वेगळी. तिथे पूर्ण झालेल्या इन्स्ट्रक्शनवर दर शंभराला एक सँपल (नमुन्याची नोंद) मागितलंत तर कर्नल गुपचूप १२८ करतं, कारण शंभरापेक्षा लहान आकडा चिपला झेपत नाही आणि तो ६४ च्या पटीतच लागतो; मोठा दिलात तरी ६४ च्या पटीत खाली आणतं. हिशोब जुळत नसेल तर हेही बघा.

तो सहा ओळींचा लूप अजून ठेवलाय, नवी मशीन हातात आली की पहिला तोच चालवतो. फाइलचं नाव गीझर.