नुसतं 'ई-स्कूटर ॲक्सिडेंट'

मी मेडिकल कोडर, म्हणजे डॉक्टरांच्या नोंदी वाचून आजार आणि इजांना ठरलेले कोड लावते. खराडीच्या ऑफिसात आज एका अमेरिकन पेशंटच्या चार्टवर अडकले. उजव्या मनगटाचं फ्रॅक्चर, हाड सरकलेलं, जखम नाही, सगळं चोख लिहिलेलं. आणि कारण? 'ई-स्कूटर ॲक्सिडेंट.' बस्स.

अहो, पण झालं काय? उभ्याने चालवायच्या स्कूटरवरून पडला तर कोड व्ही००.८४१, खांबावर आदळला तर व्ही००.८४२, चालताना दुसऱ्याच्या स्कूटरने उडवलं तर व्ही००.०३१. ऑक्टोबर २०२० पासून हे कोड आहेत. (बिल सहसा कारणाच्या कोडवर अडत नाही, म्हणून लिहिणाऱ्याची एवढी घाई बहुतेक.)

शेजारच्या टेबलावरची म्हणाली, "पडलाच असेल गं, टाक आणि पुढे हो." अंदाजाने कसा टाकू? नेमकं काय झालं म्हणून डॉक्टरांना क्वेरी पाठवली.

आपल्याकडे केसपेपरवर बऱ्याचदा नुसतं 'आरटीए', म्हणजे रोड ट्रॅफिक ॲक्सिडेंट. मग फुटपाथवर चढलेल्या दुचाकींनी किती पादचारी आडवे केले, हे पुण्यात कळणार कुठून?