काकुमाला जाऊन आले

काकुमा या केनियातल्या निर्वासित छावणीत राहणारी ती मला 'दादा' म्हणते. स्वाहिलीत दादा म्हणजे बहीण. हे कळायच्या आधी मी दोनदा दचकले होते.

ती कंपालाची, ट्रान्स बाई. 2023 च्या मे महिन्यात युगांडात समलैंगिकताविरोधी कायदा आला, त्यात जन्मठेप आणि काही प्रकारांत फाशीही. अशांना घर भाड्याने देणंसुद्धा गुन्हा ठरला, म्हणून मालकाने तिला रातोरात बाहेर काढलं. ते कलम 2024 मध्ये न्यायालयाने रद्द केलं खरं, पण तोवर ती बुसियाची सीमा ओलांडून केनियात पोचली होती. केनियातही समलिंगी संबंधांना 14 वर्षांपर्यंत तुरुंगवास आहे. तरी लोक तिथेच जातात, कारण या कारणाने पळालेल्यांची निर्वासित म्हणून नोंद करून घेणारा दुसरा देश शेजारात नाही.

जाणार असाल तर आधी पीतज्वराची लस घ्या, निदान दहा दिवस अगोदर. परतताना आपल्या विमानतळावर तिचा दाखला मागतात. केनियात प्रवेशाची ईटीए परवानगी ऑनलाइन मिळते. छावणीत शिरायला मात्र निर्वासित विभागाचा वेगळा परवाना लागतो, तो नैरोबीतूनच काढून घ्या. पुढे बसने किटाले, तिथून लोडवार, मग काकुमा. मला दोन दिवस लागले. ऊन चाळिशीला टेकतं आणि धूळ नाकातोंडात जाते, ओढणी जवळ असू द्या. एम-पेसा, म्हणजे मोबाइलवरून पैसे देण्याची सोय, सुरू करून घ्या, रोख फार बाळगू नका.

तिच्या झोपडीवर गेले नाही. तिनेच नको म्हटलं. परका पाहुणा येऊन गेला की शेजारी प्रश्न विचारतात, आणि 2021 मध्ये याच छावणीत अशा लोकांवर पेट्रोल टाकून हल्ला झाला होता, त्यात भाजलेला एक जण पुढे वारला. आम्ही एका इथिओपियन खानावळीत भेटलो. इंजेरा, म्हणजे तिथली आंबवलेल्या पिठाची मऊ भाकरी, थंड होत होता आणि ती प्लास्टिकच्या पिशवीतून एकेक कागद काढत होती. नोंदणीची पावती, मुलाखतीची तारीख, तीच तारीख खोडून घातलेली पुढची, मग तिच्याही पुढची. प्रत्येक मुलाखतीत पुन्हा पहिल्यापासून सांगायचं: तू कोण, कधी कळलं, कोणी मारलं. कागदावर नाव पुरुषाचं. एका कार्यालयात खिडकीतून ते मोठ्याने पुकारलं, ती उठली, आणि अख्खी रांग वळून बघायला लागली. "दादा, तेवढी दहा पावलं मला सगळ्यात लांब वाटतात," ती म्हणाली. हे सांगताना पिशवीच्या कडेला पडलेली चीर ती अंगठ्याने दाबून धरत होती.

म्हणून कळकळीने सांगते, फोटो काढू नका, चेहऱ्याचा तर नाहीच. 'पुढे काय झालं' असं खोदून विचारू नका, ते तिला बाकी सगळे विचारतातच. आश्वासनं देऊ नका. निर्वासितांना कायमचं राहायला तिसऱ्या देशात पाठवणं तुमच्या-माझ्या हातात नाही, आणि वाट बघणाऱ्याला खोटी आशा फार महाग पडते. आमच्यातल्या बऱ्याच गप्पा शेवटी साड्यांवर झाल्या. नऊवारी कशी नेसतात ते मी कागदी रुमालावर काढून दाखवलं, तो रुमालही तिने त्याच पिशवीत ठेवला.

अंधार पडायच्या आत ती निघाली. आधी अंगावरचा कांगा, म्हणजे गुंडाळायचं रंगीत कापड, काढून पुरुषाचा शर्ट चढवला.

पुढे कोणी जाणार असेल तर चेन असलेली, पाणी न शिरणारी फाइल घेऊन जा. पाऊस आला की 'ताराच' नावाच्या नदीचं पाणी वस्तीत शिरतं. मोठ्या मापाची घ्या, लहानीत तिचे कागद आता मावत नाहीत.