उसवलेली पट्टी

२३ नोव्हेंबर, रात्री दीड

आईने काल शिवून दिलेली खांद्यावरची फरची पट्टी आत्ता उसवून ठेवली. जुन्या ब्लेडने एकेक टाका कापत गेले. सव्वा तास लागला. आईची टीप इतकी बारीक असते की ब्लेडचं टोक आत शिरत नाही, आधी टाचणीने धागा उचलावा लागतो. ती आत झोपली आहे आणि मी हॉलमध्ये चोरासारखी बसले आहे.

कारण कॉस्प्लेच्या, म्हणजे गेममधल्या किंवा सिनेमातल्या पात्राचा हुबेहूब वेश करून जायच्या स्पर्धेचा फॉर्म. नाव, वय, पात्राचं नाव, सगळ्या बाजूंचे संदर्भफोटो, आणि मग तो रकाना: वेशातला किती टक्के भाग स्वतः बनवला? विकत घेतलेला भाग कोणता? इतर कुणाची मदत घेतली असल्यास कोणती? बहुतेक स्पर्धांत हे विचारतातच. तयार वेश मागवून घालणारेही हौसेने येतात, त्यांचेही फोटो निघतात, त्यात वाईट काही नाही. पण कारागिरीच्या गुणांना ते पात्र नसतात. जपानमध्ये नागोयाला २००३ पासून जो जागतिक कॉस्प्ले मेळावा भरतो, त्यातल्या स्पर्धेतही वेश स्वतःच्या हातचाच लागतो.

मी पहिल्यांदा ‘शंभर’ लिहिलं. मग विग आठवला, बूट आठवले. ‘नव्वद’ केलं. मग पट्टीकडे नजर गेली. संपूर्ण वेशात सगळ्यात नीट शिवलेली गोष्ट तीच होती, आणि ती माझी नव्हती.

झोप येत नाही, तर ऑगस्टपासूनचं सगळं एकदा लिहून काढते.

पात्र एलॉय. ‘होरायझन झीरो डॉन’ हा गेम २०१७ मध्ये आला तेव्हा मी बारावीत होते, मावसभावाच्या घरी त्याच्या मागे बसून बघायचे. आपलं जग बुडून शेकडो वर्षं झालेली, रानात जनावरांसारखी यंत्रं फिरतात, आणि टोळीने वाळीत टाकलेली एक लाल केसांची मुलगी धनुष्य घेऊन त्यांची शिकार करते. तिच्या कपड्यांवर मी तेव्हाच भाळले होते. चामडं, फर, दोऱ्या, आणि त्यांतच मारलेल्या यंत्रांचे पत्रे शिवून टाकलेले. ज्यांना लोखंड कसं ओतायचं माहीत नाही, त्यांनी सापडलेल्या लोखंडाचा दागिना केलेला. गेम बनवणाऱ्या गुरिला गेम्स या डच कंपनीने कॉस्प्ले करणाऱ्यांसाठी या वेशाची एक मार्गदर्शिकाच काढली आहे. ती मी मोबाईलवर इतकी मोठी करकरून पाहिली आहे की डोळे मिटले तरी कोणता पट्टा कशाखालून जातो ते दिसतं.

पत्रे इव्हा फोमचे. मुलांच्या खोलीत जमिनीवर जोडून घालतात ना ते जाड चौकोन, त्याच जातीचा फोम. कागदावर आकार काढायचा, कापायचा, हीट गनने गरम करून गुडघ्यावर दाबून गोलाई द्यायची. कापण्याचा हात माझा बसलेला आहे, तो बाबांच्या मखरांमुळे. २०१८ ची थर्माकोलबंदी येईपर्यंत आमच्या गणपतीचं मखर घरीच व्हायचं आणि कळसाची नक्षी माझ्याकडे असायची. तेव्हा बाबा एकच गोष्ट सांगायचे: पातं बदलत राहा, बोथट पातं फाडतं. फोमलाही तेच लागू. एका खांदापट्टीला मी सहा पाती वापरली.

चिकटवायला रबर सोल्युशन. दोन्ही कडांना लावायचं, दहा मिनिटं थांबायचं, बोटाला चिकटेनासं झालं की जोडायचं. एकदा टेकलं की संपलं, सरकवता येत नाही. त्यावर पाणी घातलेल्या फेव्हिकॉलचे चार हात, नाहीतर फोम रंग पिऊन टाकतो. मग काळा रंग, मग पांढरा, मग जवळजवळ कोरड्या ब्रशने कडांवरून राखाडी फिरवायचा, म्हणजे वापरून घासल्यासारखं दिसतं. या शेवटच्या पायरीसाठी मी हे सगळं करते असं म्हटलं तरी चालेल. दुपारभर समोर पडलेला रबराचा तुकडा दहा मिनिटांत पत्रा होतो. बघता बघता. दरवेळी माझ्या अंगावर काटा येतो.

एलॉयच्या कानाशी असतं त्या त्रिकोणी यंत्राला नाण्याएवढा सेल आणि एक एलईडी, लोहार चाळीतून आणलेला. रेक्झिन धारावीतून, दोऱ्या आणि गोंडे भुलेश्वरहून. विग ऑनलाइन घेतला, तो कापून, वेण्या घालून घेतला.

शिलाईत मात्र मी कच्ची. फरची पट्टी दोनदा वाकडी बसली तेव्हा आईच म्हणाली, “दे इकडे.” तिने फॉल-पिको आणि ब्लाउजवर वीस वर्षं घर चालवायला हातभार लावलाय. अर्ध्या तासात पट्टी लागली. मी तिच्या गळ्यात पडले होते काल.

आणि आज ही उसवलेली पट्टी.

२४ नोव्हेंबर

सकाळी उठले तर आई जमिनीवरचे धाग्यांचे तुकडे वेचत होती. केरसुणीने काढता आले असते, पण ती हाताने वेचत होती.

“माझ्या हाताचं नको होतं तर आधी सांगायचंस. मी त्या दिवशी दोन ब्लाउज मागे ठेवले.”

मी फॉर्म दाखवला. तिने चष्मा लावून वाचला आणि परत दिला. “बरं,” म्हणाली. तिचं ‘बरं’ मला माहीत आहे.

२७ नोव्हेंबर

तीन दिवस घरात बोलणं फक्त कामापुरतं.

मी तिला न मागता एक गोष्ट सांगितली आज, भाजी निवडताना. कॉस्प्ले हा शब्द जपानी, १९८०च्या दशकातला, पण गोष्ट त्याहून जुनी आहे. १९३९ साली न्यूयॉर्कला विज्ञानकथावाल्यांचं पहिलं जागतिक संमेलन भरलं. सगळे साध्या कपड्यांत, आणि दोघंच भविष्यातल्या माणसांचे कपडे घालून आले. फॉरेस्ट अ‍ॅकरमन आणि मर्टल डग्लस. पुढच्याच वर्षी शिकागोच्या संमेलनात वेशभूषेची स्पर्धा लागली. वर्षानुवर्षं सांगताना लोक अ‍ॅकरमनचं नाव घेत आले. पण त्याच्या अंगावरचे आणि स्वतःच्या अंगावरचे, दोन्ही कपडे शिवले होते मर्टलने.

आई देठं खुडत राहिली. मग म्हणाली, “तिने फॉर्म भरला होता का?”

“तेव्हा फॉर्म नव्हते गं.”

“तेच,” म्हणाली.

मी हे तिचं मन राखायला सांगायला गेले आणि बोलता बोलता मलाच कळलं की फॉर्ममधला तिसरा प्रश्न कशासाठी असतो. मदत घेतली म्हणून गुण कापायला नव्हे. दुसऱ्याचं नाव बुडू नये म्हणून. मी पट्टी उसवायच्या ऐवजी त्या रकान्यात ‘आई’ असंही लिहू शकले असते. नियमात बसलं असतं. पण मला ती पट्टी येत नव्हती हे तसंच राहिलं असतं, आणि मला ती यायला हवी होती. हे दोन्ही खरं आहे. आईला पहिलं सांगता आलं, दुसरं अजून नाही.

३० नोव्हेंबर

आज सांगितलं.

ती काही न बोलता उठली, कपाटावरचा डबा काढला आणि दाभण माझ्यासमोर ठेवलं. आजीचं, गोधड्या शिवायचं. सोबत मेणाचा तुकडा आणि अंगुस्तान.

“ती मुलगी रानात राहते म्हणालीस ना? मग तिच्याकडे उषा मशीन कुठून आलं?”

मी चार महिने तो वेश मोठा करून बघत होते आणि हे मला दिसलं नव्हतं. चित्रातले टाके हाताचेच आहेत. लांब, थोडे तिरके, जाड दोऱ्याचे. मशीनची टीप कितीही सरळ असली तरी या कपड्यावर ती चूकच दिसली असती.

दोरा मेणावरून दोनदा ओढायचा, म्हणजे रेक्झिनमधून जाताना पिळत नाही. टाका लांब घ्यायचा, ओढताना मात्र हात आखडता घ्यायचा, नाहीतर रेक्झिनला चुण्या पडतात. फरचे केस टाक्याखाली अडकतात, ते टाचणीने एकेक बाहेर काढायचे. आई समोर बसून सांगत होती आणि हात मांडीखाली घालून बसली होती. मुद्दाम. मला ते कळलं आणि मी खाली मान घालून शिवत राहिले.

चार तासांत वीतभर पट्टी.

८ डिसेंबर

पट्टी पूर्ण. डाव्या बाजूला टाके दाट आहेत, उजवीकडे सैल, कारण उजवी बाजू शेवटी दोन रात्रींत उरकली. बोटाला दोन ठिकाणी फोड.

फॉर्म पाठवला. ‘नव्वद टक्के. विग आणि बूट विकत घेऊन बदलले. हातशिलाई आईने शिकवली.’

१४ डिसेंबर, रात्री अकरा

पाय ठणकताहेत, पण आजच लिहायला हवं.

मेगाब्लॉक सुरू व्हायच्या आधी निघायचं म्हणून सात वाजताच डोंबिवली सोडली. दादरला बदलून गोरेगाव. धनुष्य चादरीत गुंडाळलेलं. बायकांच्या डब्यात एका मावशीने विचारलं, “तंबोरा आहे का?” मी उघडून दाखवलं. पाइपचं आहे हे समजल्यावर त्यांनी वाजवून पाहिलं. मग शेजारच्या दोघींनीही. दादर येईपर्यंत धनुष्य अख्ख्या डब्यात फिरून आलं होतं.

दारावर शस्त्रांची तपासणी असते. धातूचं, धारदार काही नको, धनुष्यातून बाण सुटता कामा नये. माझी दोरी लवचीक घेतली होती, ताण धरतच नाही. पास झाले.

आत गेल्यावर पहिला तास नुसतं बघत राहिले. पाठीवर पुरुषभर तलवार घेतलेला एक मुलगा, त्याला खुर्चीवर बसता येत नव्हतं म्हणून मित्र त्याला स्ट्रॉने पाणी पाजत होता. एक बाई, पन्नाशीच्या असतील, जादूगारणीच्या वेशात, सोबत लेकीला झाडू धरायला लावून. नऊवारीवर फोमचं चिलखत चढवलेल्या दोघी बहिणी. फोटो काढणारे आधी विचारत होते, आणि जे विचारत नव्हते त्यांना आजूबाजूचे लोकच थांबवत होते. वेश घातला म्हणजे हात लावायला परवानगी दिली असं नाही. न्यूयॉर्कच्या कॉमिक कॉन मेळाव्यात २०१४ साली याच्या पाट्या लागल्या होत्या. इथे पाटी नसतानाही पुष्कळांना ते उमगलेलं दिसलं, मला बरं वाटलं.

कुणाचं काही ना काही निसटतंच. प्रसाधनगृहाच्या आरशासमोर ग्लू गन, सेफ्टी पिना, चिकटपट्ट्या सगळ्यांच्या सगळ्यांसाठी उघड्या ठेवलेल्या. माझ्या दंडाचा पत्रा सुटला तेव्हा जिने तो चिकटवून दिला, ती माझ्याच गटात होती. तिने फुंकर घालून वाळवलं आणि म्हणाली, “पाच मिनिटं हात वर करू नकोस.” नाव विचारायचं राहिलं.

स्टेजवर जाण्याआधी परीक्षक खोलीत बोलावून वेश जवळून बघतात. तिघं होते. एकाने पत्र्यांवर नख फिरवून पाहिलं, किती हात दिले विचारलं. एकाने विगची मागची बाजू पाहिली. तिसऱ्या बाईंनी काही विचारलं नाही, सरळ पुढे होऊन “चालेल ना?” म्हणाल्या आणि खांद्यावरची पट्टी उलटी केली. वरून सगळं चांगलंच दिसतं, परीक्षक आत बघतात. मला ठाऊक होतं तरी घशाला कोरड पडली.

“हाताने शिवलंय?”

“हो.”

“धावदोरा? इतक्या जाड रेक्झिनमधून?”

मी दाभणाचं सांगितलं. मेणाचं सांगितलं. गोधडीचं सांगितलं. त्या बाईंचं बोट डावीकडच्या दाट टाक्यांवरून सैल टाक्यांपर्यंत आलं आणि थांबलं. “इथे घाई झाली.”

“हो, इथे घाई झाली.”

त्यांनी कागदावर काही लिहिलं, मला दिसलं नाही. चार मिनिटं संपली.

स्टेजवरचं अर्धं मिनिट मला फारसं आठवत नाही. चालत गेले, धनुष्य ताणलं, कानाशी बोट नेलं, एलईडी लागला. समोर अंधार होता आणि अंधारातून कुणीतरी तिचं नाव घेऊन ओरडलं. माझं नव्हे, तिचं. चार महिने मी जिचे पट्टे मोजत होते ती त्या क्षणी तिथे उभी होती.

नंबर आला नाही. पहिला आला तो पंखवाला मुलगा. त्याचे पंख मोटरवर उघडत होते आणि प्रत्येक पीस त्याने वेगळं कापलं होतं. तो ते सांगत असताना मी मागे उभी राहून ऐकलं. त्यालाच मिळायला हवं होतं. तरी परतीच्या गाडीत कांजूर ते डोंबिवली मी खिडकीकडे तोंड करून रडले, ते खोटं कशाला लिहू.

घरी आले तेव्हा आई जागी होती. जेवण वाढलं. मी फोटो दाखवले, परीक्षक बाईंचं सांगितलं, घाई झाली म्हणाल्या तेही सांगितलं. आईने वेश खुर्चीवरून उचलला, दिव्याखाली धरला, पट्टी उलटी केली. उजव्या खांद्याला, सैल बाजूला, गर्दीत दोरा तुटून पट्टी चार बोटं सुटली होती. मला ते कळलंच नव्हतं.

आईने डब्यातून दाभण काढलं. दोरा मेणावरून दोनदा ओढला. मग माझ्याकडे बघितलं.

“स्पर्धा झाली ना? आता लावू हात?”

मी हो म्हटलं. उजव्या खांद्यावरचे सात टाके आईचे आहेत.